माशीला कुणी विचारले नव्हते

टॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल मिळाले, तेव्हा पारितोषिकाच्या रकमेत त्यांनी आपल्या मुलांबरोबर आणखी दोन घरांतल्या मुलांना वाटा दिला. ती मुले होती कॅल्विन ब्रिजेस आणि आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या त्यांच्या सहकाऱ्यांची. गुणसूत्रांवर जनुके ओळीने मांडलेली असतात, हा शोध आपल्या एकट्याचा नाही, हे मॉर्गन यांना ठाऊक होते. तो शोध एका खोलीचा होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली ही खोली जेमतेम सोळा फूट बाय तेवीस फुटांची. तिच्यात आठ टेबले, दुधाच्या रिकाम्या बाटल्या, केळ्यांचा आंबूस वास आणि हजारो फळमाश्या. विज्ञानाच्या इतिहासात ती ‘फ्लाय रूम’ म्हणून ओळखली जाते.

ब्रिजेस या खोलीत आला तो बाटल्या धुण्याच्या कामावर. धुता धुता बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची माशी नुसत्या नजरेने दिसली आणि मॉर्गननी त्याला टेबलापाशी बसवले. स्टर्टेव्हंट तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. एका रात्री कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकून त्याने खोलीत साठलेली आकडेवारी घेतली आणि जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. तो १९१३ साली छापून आला. ती आकडेवारी त्याने एकट्याने जमवलेली नव्हती, आणि ती वापरायला त्याला कुणाची परवानगी काढावी लागली नाही.

इतिहासकार रॉबर्ट कोहलर यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात या मंडळींच्या रीतीभातींचा बारकाईने शोध घेतला आहे. कुणाला नवी, वेगळी माशी सापडली की तिचा वाण सगळ्यांचा व्हायचा. दूरच्या प्रयोगशाळेतून पत्र आले की जिवंत माश्या टपालाने रवाना व्हायच्या, तेही फुकट. मात्र घेणाऱ्यावर दोन बंधने असत: या माश्यांवर काय काम करणार ते सांगायचे, आणि त्यातून जे नवे हाती लागेल ते परत सगळ्यांना द्यायचे. १९३४ मध्ये ब्रिजेस आणि मिलिस्लाव डेमेरेक यांनी याच देवघेवीसाठी एक साधी पत्रिका सुरू केली. कुणाकडे कोणते वाण आहेत, कुणाला काय नवे दिसले, माश्यांना खायला काय घालावे, असे सगळे तिच्यात असे. तिच्यातला मजकूर छापील संशोधन मानायचा नाही, असा संकेत होता. अर्धवट कामही न घाबरता एकमेकांना दाखवता यावे, हा त्यामागचा हेतू.

ही केवळ दानत नव्हती. नकाशा काढायचा तर शेकडो वाण लागतात आणि तेवढे एका प्रयोगशाळेत सांभाळणे अशक्य असते. वाण दडवून ठेवणाऱ्याचा स्वतःचाच नकाशा अपुरा राहायचा. उदारपणा आणि स्वार्थ एका दिशेने चालत होते, म्हणून ती रीत टिकली. आज अमेरिकेत ब्लूमिंग्टन इथल्या केंद्रात माश्यांचे सत्तर हजारांहून अधिक वाण जिवंत ठेवलेले आहेत.

त्या खोलीला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. कल्पना आपली आणि नाव दुसऱ्याचे, ही त्याच खोलीत काम केलेल्या हर्मन मलर यांची तक्रार बरीच वर्षे टिकली. मॉर्गन यांच्या पत्नी लिलियन यांनी जोडलेल्या एक्स गुणसूत्रांचा महत्त्वाचा शोध लावला, तोही कोणतीही पगारी जागा नसताना. सगळ्यांचे असलेल्या कामात कुणाचे नाव आधी येते आणि कुणाचे येतच नाही, हा प्रश्न तेव्हाही होता.

उत्क्रांतीचा अभ्यास डीएनएच्या अक्षरांपर्यंत पोहोचला तेव्हा ही रीत आणखी गरजेची झाली. मार्टिन क्राइटमन यांनी १९८३ मध्ये फळमाशीतले एकच जनुक अकरा वेगवेगळ्या नमुन्यांमध्ये अक्षर न् अक्षर वाचले. त्यांना ४३ ठिकाणी फरक सापडले. त्यांतल्या फक्त एका फरकाने प्रथिन बदलत होते, बाकीच्या ४२ फरकांनी ते बदलत नव्हते. प्रथिन बिघडवणारे बदल निसर्ग झपाट्याने चाळून टाकतो, याची ती थेट साक्ष होती. यातली मेख अशी की एका माशीचे जनुक वाचून हे कधीच कळले नसते. निवड कुठे झाली, नशीब कुठे चालले, कोण कुणापासून कधी वेगळे झाले, हे सगळे तुलनेतून उमगते. इथे दुसऱ्याकडची माहिती मिळाली नाही तर आपल्याकडची मुकीच राहते.

म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर मानवी जीनोम वाचणारे गट जमले, तेव्हा जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांनी धरलेला आग्रह मान्य झाला: वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत सगळ्या जगासाठी खुला करायचा. दोघेही सूत्रकृमीवर काम करणाऱ्यांच्या अशाच मोकळ्या परंपरेत वाढलेले होते. पुढे सेलेरा ही खासगी कंपनी शर्यतीत उतरली. पण फळमाशीच्या जीनोमचा अर्थ लावायची वेळ आली, तेव्हा १९९९च्या नोव्हेंबरात तिलाही ठिकठिकाणचे माशीतज्ज्ञ आपल्या इमारतीत बोलवावे लागले. जनुक कुठे सुरू होते, कुठे संपते, काय करते, हे त्यांनी एकत्र बसून ठरवले. यंत्रे कंपनीची होती, पण माशी ओळखणारे डोळे त्या जुन्या बिरादरीचे होते. २००७ साली बारा प्रजातींच्या माश्यांचे जीनोम शेजारी शेजारी ठेवून तुलना छापली गेली, तीही अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून.

इथवरची कथा सुरेख आहे. पण तिच्यात एक सोय होती, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. माशीला कुणी विचारले नव्हते. तिच्यावर काय प्रयोग होणार, तिची पिल्ले कुठल्या गावी जाणार, तिच्याबद्दल काय छापून येणार, याचे तिला सोयरसुतक नव्हते. देणाराही संशोधक, घेणाराही संशोधक. नमुना माणसाचा झाला तेव्हा या व्यवहारात तिसरा पक्ष आला आणि जुनी रीत त्याला वगळूनच चालू राहिली.

हवासुपाई हा ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारा छोटा आदिवासी समाज. त्यांच्यात मधुमेहाने थैमान घातले होते. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. लोकांची समजूत होती की हा शोध मधुमेहाचा आहे. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, जवळच्या नात्यांतल्या विवाहांचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. आपण याच दरीत जन्मलो, ही त्यांची श्रद्धा. शोधनिबंध सांगत होते की तुम्ही बाहेरून आलात. हे कळल्यावर त्यांनी २००४ मध्ये दावा लावला. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले रक्त परत केले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली एक पाऊल पुढे टाकले. आपल्याकडे येणाऱ्या संशोधकांसाठी त्यांनी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आदर ठेवा, खरे बोला, न्यायाने वागा, काळजी घ्या आणि ठरलेल्या रीतीने या.

संशोधकांची यावरची अडचण खोटी नाही. दर नव्या प्रश्नासाठी दर माणसाला पुन्हा विचारायचे तर विज्ञान अडून बसेल. खुल्या माहितीमुळेच दुर्मीळ आजारांची कारणे सापडतात, हेही खरे. पण मॉर्गनच्या खोलीतली बंधने इथे आठवावीत: काय करणार ते सांगा, आणि जे सापडेल ते परत द्या. संशोधकांनी एकमेकांशी हे आपणहून पाळले, त्याने विज्ञान अडले नाही, उलट भरभराटले. तोच हक्क रक्त देणाऱ्यालाही द्या, एवढेच हवासुपाई आणि सान म्हणत होते. त्यासाठी नवे नीतिशास्त्र घडवायला नको. आपल्या बिरादरीची कड थोडी बाहेर सरकवली की पुरे.

भारतात हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबतो. २०१३ मध्ये प्रिया मूर्जानी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उपखंडातल्या दोन मोठ्या वंशधारा साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भरपूर मिसळल्या आणि त्यानंतर बेटीव्यवहार आक्रसत गेला. शुद्ध रक्ताचा दावा करणाऱ्या कुठल्याच जातीला हा निष्कर्ष सोयीचा नाही. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटांनी दक्षिण आशियातल्या २६३ समूहांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ८१ समूहांवर मूठभर पूर्वजांची छाप इतकी गडद आहे, की फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यूही त्या बाबतीत मागे पडतात. याचा अर्थ नुसता ऐतिहासिक नाही. आर्य वैश्य समाजात एका विकराच्या कमतरतेचे प्रमाण बरेच जास्त आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी नेहमीचे औषध दिले तर अशा माणसाचे स्नायू लवकर पूर्ववत होत नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी माहीत असेल तर धोका टळतो.

म्हणजे परत देण्याजोगे काहीतरी इथे हातात आहे. पण ते द्यायचे कुणाकडे? समाजाच्या वतीने बोलणार कोण? जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध ज्या महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तिथे समाजाची संमती म्हणजे पंचांची संमती असे मानून चालणार नाही. रक्त ज्याचे त्याला नाही म्हणता आले पाहिजे, त्याच्या जातीच्या पुढाऱ्यांनी हो म्हटले तरीही. आणि सापडलेली माहिती मुलीच्या पत्रिकेत नवा दोष म्हणून जाऊन बसू नये, याचीही काळजी घ्यावी लागेल.

यातली वाट गडचिरोलीत दिसते. सिकलसेल हे उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकातले नेहमीचे उदाहरण. त्या जनुकाची एक प्रत मलेरियापासून वाचवते, दोन प्रती आजारी पाडतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८०च्या दशकात तिथे गेले, तेव्हा त्यांनीही या आजाराचा अभ्यास केला, आणि तो आदिवासींमध्ये आढळला. पण हा प्रश्न लोकांनी मांडलेलाच नव्हता, तो संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. मग गावांना विचारून आरोग्याचे विषय ठरवण्याची रीत त्यांच्या कामात आली. लोकांना भीती वाटू नये म्हणून दवाखाना गोंडी वस्तीसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले. सिकलसेल खोटा नव्हता आणि तो अभ्यासही वाया गेला नाही. फक्त पहिला प्रश्न कुणी विचारायचा, हे बदलले.

जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले. फरीदाबादच्या राष्ट्रीय केंद्रात ठेवलेली ही माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांना नियमांनुसार मिळू लागली. माहिती कुणी मागितली आणि कशासाठी, याची नोंद अशा व्यवस्थेत ठेवता येते. तिच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: ज्या समूहाचे रक्त होते त्याला काय कळवले, कोणत्या भाषेत, आणि त्यांनी उलट काय विचारले. तो रकाना रिकामा असेल तर पुढची परवानगी अडवावी. दुसऱ्याचा वाण घेऊन त्याला काहीच न कळवणाऱ्या संशोधकाला माशीवाल्यांनी पुढच्या खेपेला माश्या पाठवल्या नसत्या. माणसांच्या बाबतीत याहून सैल राहण्याचे एकही कारण विज्ञानाकडे नाही.