पडक्या चर्चच्या फरशीवर

जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा अर्धा मनोरा उभा आहे. 46 मीटर उंच, जांभ्या दगडाचा. पर्यटक माना वर करून फोटो काढतात आणि त्यांच्या पायाखाली असतात थडगी. पावसापाण्याने झिजलेल्या दगडांवर नावे, कुलचिन्हे कोरलेली. इथे माणसे पुरली आहेत, हे चटकन ध्यानातच येत नाही.

1602 मध्ये बांधून झालेले हे चर्च 1835 मध्ये ओस पडले, तेही पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघांवर बंदी घातल्यामुळे. 1842 मध्ये छत ढासळले, 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे.

प्रार्थना थांबली, छप्पर गेले. मग पावित्र्यही गेले का?

कॅथलिक धर्मनियमांचे उत्तर स्पष्ट आहे: वास्तू बरीचशी नष्ट झाली की तिचे पावित्र्य संपते. आपल्याकडेही जीर्णोद्धाराआधी मूर्तीतले चैतन्य विधिपूर्वक कलशात घेतात. देव जागा सोडू शकतो, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्या हिशेबाने या भिंती म्हणजे नुसते दगड, आणि तिथे सहलीला जाण्यात गैर काहीच नाही.

पण केतेवानची गोष्ट या हिशेबात बसत नाही. जॉर्जियातल्या काखेतीची ही राणी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझमध्ये तिला हालहाल करून मारले. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून याच वास्तूत ठेवले. पुढे सगळे ढिगाऱ्याखाली गेले. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांचा माग काढत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केले, तेव्हा हाताचे एक हाड मिळाले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या डीएनए तपासणीनंतर ते केतेवानचेच असल्याचे मानले गेले. जुलै 2021 मध्ये भारताने अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. तिथे ती संत आहे.

पावणेदोनशे वर्षे जिथे पूजा नव्हती, त्या मातीत एका देशाचे दैवत होते! तेव्हा पावित्र्य छपरावर टिकत नाही, आठवण धरणाऱ्या माणसांवर टिकते. तिकडे जॉर्जियात ती माणसे होती. इथल्या फरशीखालच्या माणसांची आठवण धरणारे कोणी उरलेले नाही, म्हणून ते काम तिथे जाणाऱ्यानेच करायला हवे. जुन्या गोव्याला गेलात तर मनोरा जरूर पाहा, पण आधी खाली पाहा. दगडावर अक्षरे दिसली तर त्याला वळसा घालून जा.