दुसऱ्याच्या आगीची वर्गणी

वर्गणी या प्रकाराशी माझं पहिल्यापासून वाकडं आहे. गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन मुलं जिना चढताना दिसली की मला हटकून आंघोळीची आठवण होते. पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कुणाच्या तरी खोक्याला आग लागली म्हणून पुण्यात बसून मला वर्गणी भरावी लागेल, हे माझी पत्रिका बघणाऱ्यालाही दिसलं नव्हतं.

त्याचं असं झालं. माझा मेहुणा चकल्या, कडबोळी, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणची असला माल बोटीने इंग्लंडला पाठवतो. लाडवांचा नाद त्याने पहिल्याच वर्षी सोडला, कारण दुधातुपाच्या जिनसांबाबत तिकडचे नियम सोवळ्यातल्या आजीपेक्षा कडक. माल भरायच्या कामावर सासूबाईंची देखरेख. मी बँकेतून निवृत्त झालेला, शिवाय थोडे पैसे गुंतवलेला, म्हणून याद्या करणं आणि त्यांवर सही ठोकणं माझ्याकडे.

आमचा माल काही अख्ख्या कंटेनरभर नसतो. न्हावा-शेव्याला बऱ्याच जणांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरतात आणि आमच्या चकल्या कुणाच्या तरी सतरंज्यांच्या मांडीला मांडी लावून निघतात. भाडं घनमीटरवर किंवा टनावर, ज्यात जास्त होईल त्यावर. चकली हा मुळात पोकळ पदार्थ, त्यामुळे आम्ही भाडं भरतो ते मुख्यतः चकलीच्या भोकांचं. खाली लाकडी पॅलेट ठेवायचं तर ते लाकूडसुद्धा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं भाजलेलं हवं, कीड जाऊ नये म्हणून, आणि तसा त्यावर शिक्का हवा. आमची भाजणीसुद्धा इतकी शिस्तीत भाजली जात नाही. त्यातून कंटेनर दिवसा तापतो, रात्री निवतो, आतली वाफ छताला धरते आणि टपटप गळते. धंद्यातले लोक याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. हा पाऊस चकलीला सोसत नाही. म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या आत टांगायच्या. एवढं करून लंडनच्या माणसाने चकली मोडल्यावर ‘कट्’ असा आवाज आला, तर मेहुण्याला ब्रह्मानंद होतो.

२०२४ च्या दिवाळीचा माल आम्ही ऑगस्टमध्येच चढवला. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात बोटींवर हल्ले होत होते. त्यामुळे सुएझचा जवळचा रस्ता सोडून बोटी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालत, दहा-बारा दिवस जास्त लागत. अशाच वळशात आमच्या बोटीवर आग लागली. आमच्या कंटेनरपासून लांब लागली, विझलीही. मेहुणा पेढे घेऊन आला. चार दिवसांनी पत्र आलं.

पत्रात लिहिलं होतं, ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर झालं आहे. मी बँकवाला. ॲव्हरेज म्हणजे सरासरी असं समजून मी मान डोलावली. अर्थ नंतर कळला. बोट आणि तिच्यावरचा सगळा माल वाचवण्यासाठी मुद्दाम जे नुकसान केलं, जो खर्च केला, तो ज्यांचं ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. विमा असेल तर विमा कंपनी हमी देते. मेहुण्याने काटकसर म्हणून तो उतरवला नव्हता. तेव्हा आधी रोख अनामत भरा, मग चकल्या घेऊन जा. आमच्या मालाच्या किमतीचा सहावा हिस्सा!

मी खवळलो. आग लागली कशामुळे, तर कुणीतरी बॅटऱ्या भरून कागदावर ‘खेळणी’ लिहिलं होतं, असं बोललं जात होतं. “खोटं त्याने लिहायचं आणि दंड मी भरायचा?” दोन दिवस मी घरात हेच व्याख्यान देत होतो. ही म्हणाली, “ओरडून आग विझत नाही.” मग मी वाचायला बसलो. हा न्याय ऱ्होड्सच्या खलाशांचा. जस्टिनियन बादशहाने ५३३ साली कायद्यांचं जे संकलन काढलं, त्यात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे: बोट हलकी करायला एकाचा माल समुद्रात फेकला, तर ती भरपाई सर्वांनी मिळून करावी. त्याच्याही आधी ॲरिस्टॉटल डोकं खाजवून गेला, की वादळात आपला माल आपल्या हाताने फेकणारा माणूस तो राजीखुशीने फेकतो की नाइलाजाने? (वर्गणीबाबत मला नेमका हाच प्रश्न पडतो.) हल्ली यॉर्क-अँटवर्प नावाचे नियम चालतात आणि त्यांतली एक खोच मला फार आवडली. आगीने जे जळलं ते ज्याचं त्याचं नशीब. पण ती विझवायला मारलेल्या पाण्याने जे भिजलं ते सगळ्यांचं. म्हणजे कुणाच्या तरी भिजलेल्या सतरंज्या माझ्या कोरड्या चकलीसाठी भिजल्या होत्या. हे पटायला लागलं. बॅटरीवाल्याला मात्र मी माफ करायला तयार नव्हतो. “असल्या माणसाला बोटीवरनं ढकलला पाहिजे!” मी जेवताना म्हणालो.

सासूबाई आमटी वाढत होत्या. म्हणाल्या, “जावईबापू, आपला कापूर वाचला ना हो?”

“कुठला कापूर?”

“अहो, तिकडच्या दुकानवाल्या बाईंनी पूजेसाठी मागितला होता तो. मेतकुटाच्या खोक्यात दोन किलो घातला. तुम्हाला विचारलं होतं की मी, चालेल का म्हणून. तुम्ही क्रिकेट बघत होतात. ‘चालेल हो’ म्हणालात.”

कापूर हा बोटवाल्यांच्या लेखी ज्वालाग्राही पदार्थ. न सांगता चढवायचा नाही. आमच्या यादीत मेतकूट होतं, कापूर नव्हता. खाली सही माझी. त्या दिवशी धोनीने निवृत्ती मागे घेतली असती तरी माझा घास अडकला नसता, पण तो अडकला. मी ‘खेळणी’वाल्याचा विचार करू लागलो. त्यालाही घरात कुणी मॅच चालू असताना विचारलं असेल. त्यानेही म्हटलं असेल, चालेल हो. आमच्या दोघांत फरक एवढाच होता, की त्याचं पेटलं.

अनामत मी त्याच संध्याकाळी भरली, तीही एकट्याने. मेहुण्याला वाटलं, दाजी आजारी आहेत. पैशांसोबत एक करारपत्र भरून द्यायचं होतं आणि मालाची बिलं-यादी जोडायची होती. रात्री बारापर्यंत ती यादी समोर घेऊन बसलो. कापूर लिहावा तर माल अडकेल, मेहुण्याचा धंदा बसेल, सासूबाईंना काय सांगू? न लिहावा तर मी कोण? सकाळी जुनीच यादी जोडली. कापूर नसलेली. हे आजवर हिलाही सांगितलेलं नाही.

माल डिसेंबरात पोचला, दिवाळी होऊन महिना झाल्यावर. चकल्यांचा आवाज शाबूत होता. दुकानवाल्या बाईंनी कळवलं, कापूर पहिल्या दिवशीच संपला, पुढच्या खेपेला जास्त पाठवा.

पुढची खेप भरताना मी टीव्ही बंद करून सासूबाईंसमोर बसलो. म्हटलं, “आई, एकेक खोकं उघडून दाखवा.” त्यांनी मुकाट्याने दाखवली. कापूर नव्हता. शेवटच्या खोक्यात भाजणीखाली उदबत्त्यांचे चार पुडे निघाले.

“या चालतील ना हो?” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्या पुड्यांकडे बराच वेळ बघत बसलो.