जमेची बाजू

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास महानगरपालिकांचे अर्थसंकल्प सादर होऊ लागले म्हणजे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ज्या गोष्टींना मानाचे स्थान मिळते, त्या बहुधा खर्चाच्या बाजूच्या असतात. अमुक उड्डाणपुलासाठी इतके कोटी, तमुक नाट्यगृहासाठी तितके, आणि अखेरीस 'करवाढ नाही' असे आश्वासन. जमेच्या बाजूकडे वळण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाही. मुंबईच्या वेशीबाहेर वसलेल्या ठाणे, कल्याण, डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार या नगरांच्या बाबतीत मात्र तीच बाजू आधी वाचली पाहिजे. कारण या नगरांचे भवितव्य तिच्यातच लिहिलेले असते.

1950 साली मुंबई महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, आणि 1957 साली दहिसर व मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा वांद्रे, कुर्ला, पार्ले यांसारख्या जुन्या नगरपालिकांचा संसार एका संपन्न तिजोरीच्या आश्रयाला गेला, आणि बंदर, गिरण्या, पेढ्या व कचेऱ्या यांच्या उत्पन्नातून पार्ल्याचे नळ आणि मुलुंडचे रस्ते होऊ लागले. हद्द तेथेच थांबली. वस्तीचा लोंढा तिच्यापलीकडे गेला. तिजोरी गेली नाही. डोंबिवलीचा माणूस सकाळची लोकल धरून फोर्टात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जातो, त्याच्या कचेरीचा मालमत्ता कर मुंबईच्या खात्यात पडतो, आणि त्याचे पाणी, सांडपाणी, कचरा, मुलांची लस व आईबापांचा दवाखाना हा सारा भार मात्र डोंबिवलीच्या पदरी येतो. धनोत्पादन एका नगरीत आणि देहधर्म दुसरीत, अशी ही विभागणी आहे. मुंबईचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांहून मोठा होता. ठाणे जिल्ह्यातील सर्व महापालिकांचे अर्थसंकल्प एकत्र केले तरी ते त्याच्या जवळपास पोहोचत नाहीत.

या नगरांजवळ एके काळी व्यापाराबरोबर आपोआप वाढणारा एक कर होता, तो म्हणजे जकात. जकात नाक्यांवरील मालमोटारींच्या रांगांची आणि तेथील चिरीमिरीची स्तुती कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही, आणि ती पद्धत गेली याचे दुःख मलाही नाही; परंतु तिच्या जागी काय आले, हे पाहणे प्राप्त आहे. नगरपालिकांची जकात 1999 साली उठली. महापालिकांत 2010 पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर लागू झाला. 1 ऑगस्ट 2015 पासून वार्षिक 50 कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून मुक्ती मिळाली. आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कराने उरलासुरला भागही संपविला. भरपाईसाठी राज्याने कायदा केला. त्यानुसार 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरसाल 8 टक्के चक्रवाढीने अनुदान मिळते. ही वाढ काही अनुदार म्हणता येणार नाही. पण नगरात नवा कारखाना आला काय किंवा असलेला बंद पडला काय, हप्ता तोच राहतो; आपल्या गावच्या उद्यमाच्या भरभराटीत पालिकेला जे प्रत्यक्ष हित होते, ते नाहीसे झाले. 74 व्या घटनादुरुस्तीने ज्या संस्थेला 1992 साली घटनेत स्थान दिले, तिच्या सर्वांत भरवशाच्या जमेचा आकडा आज मंत्रालयात ठरतो.

मग स्वतःचे म्हणून पालिकेच्या हाती काय उरले? बांधकाम. नगररचना विभागाकडे जमा होणारे विकास शुल्क, वाढीव चटईक्षेत्रासाठी विकासक भरतो ते अधिमूल्य, आणि घरांच्या खरेदी-विक्रीवरील मुद्रांक शुल्काचा एक टक्का अधिभार, या साऱ्यांचा उगम एकच, आणि तो म्हणजे आणखी एक इमारत. ती उभी राहताना शुल्क व अधिमूल्य एकदाच मिळतात, घर विकले गेले की अधिभार मिळतो. पण तिच्यात राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना पाणी पुरविणे, त्यांचा मैला वाहून नेणे आणि त्यांच्या दारातला रस्ता दुरुस्त ठेवणे हे दायित्व त्या इमारतीच्या आयुष्याइतके दीर्घ असते. एकदाच होणाऱ्या या प्राप्तीतून कामगारांचे वेतन, निवृत्तिवेतन आणि विजेची देयके भागविली जातात, तेव्हा पालिकेची स्थिती वतनाचा एकेक तुकडा विकून वाण्याची मासिक उधारी फेडणाऱ्या घरधन्यासारखी होते. घरांचा बाजार मंदावला की पालिकेचे पाय लटपटतात; बाजार तेजीत आला की हेच दायित्व वाढते आणि शिलकी अर्थसंकल्पाचे अभिनंदन होते! नवी बांधकामे थांबवून आधी पाण्याची तजवीज करावी असे म्हणणारा अधिकारी या हिशेबात पालिकेच्या उत्पन्नाचाच शत्रू ठरतो.

वाढत जाणारा, स्थिर आणि न्याय्य असा एकच कर आता उरतो, तो मालमत्तेवरचा; आणि त्याचीच हेळसांड सर्वांत अधिक. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती कायद्यात आहे, ती वर्षानुवर्षे चढत जाते, मूळ रकमेला झाकून टाकते, आणि मग एखाद्या मार्चअखेर 'अभय योजना' जाहीर होऊन तिच्या मोठ्या भागावर पाणी सोडले जाते. वेळेवर कर भरणाऱ्या पेन्शनराने या योजनेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? अनधिकृत इमारतींची कथा याहून विलक्षण आहे. 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-क अन्वये अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही; म्हणजे पालिकेचे एक दप्तर ज्या भिंतीला बेकायदा ठरविते, तिलाच दुसरे दप्तर मागणीपत्र धाडते. डोंबिवली परिसरातील ज्या 65 इमारती बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या आणि ज्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2024 साली दिला, त्यांतील घरे घेणाऱ्यांच्या गाठी नोंदणीचे दस्त होते.

कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांचा इतिहासही याच सूत्रात गुंफलेला आहे. कर आले, सुविधा आल्या नाहीत, या ग्रामस्थांच्या तक्रारीतून ती गावे 2002 साली महापालिकेबाहेर गेली. 2015 साली पुन्हा आत आली. मधल्या तेरा वर्षांत तेथे इमारतींची दाटी झाली, आणि त्या दाटीला पाणी व गटारे पुरविण्याचे काम गावे परतताना पालिकेच्या माथी आले.

अर्थसंकल्पाचे वैधानिक सोपस्कार त्याच 1949 च्या अधिनियमात तपशीलवार दिलेले आहेत. आयुक्त अंदाज मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते, महासभा आणखी भर घालते. आणि प्रत्येक पायरीवर आधी खर्च फुगतो व त्याच्याशी मेळ बसावा म्हणून मागाहून जमा. न होणाऱ्या वसुलीच्या आधारावर कामांचे ठेके दिले जातात आणि ठेकेदारांची देयके पुढल्या वर्षाच्या माथी चढतात. असे असूनही लोकनियुक्त सभासद असणे हा लहानसा लाभ नव्हे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्यास पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला आणि ते शिक्षणावर लावावेत असे सुचविले. तेही सरकारनियुक्त सभासद असताना; मग लोकनियुक्ताकडून तशी अपेक्षा अधिकच. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या अमलात अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात पुढील वर्षाच्या अंदाजाशेजारी गतवर्षीची प्रत्यक्ष जमा छापलेली असते. आपल्या प्रभागाचा नगरसेवक मत मागण्यास दारी येईल, तेव्हा वाचकांनी त्याला नव्या उद्यानाविषयी विचारू नये. तो रकाना उघडून अंदाज आणि वसुली यांतील अंतर विचारावे, आणि वसुलीतील किती रक्कम त्या वर्षीच्या बांधकामांची होती, तेही.