खतकुंडीत काय टाकायचं?

पूर्वी पिंपळवंडीसारख्या गावात घरामागे उकिरडा असायचा. आता घराला घर लागलं, म्हणून सामायिक खतकुंडी आली. पण कुंडी म्हणजे कचरापेटी नव्हे, आणि घोटाळा होतो तो इथेच.

पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेला नाडेप हौद पाहा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, आणि विटांच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. काही ठिकाणी ती चक्क सिमेंटनं बुजवलेली दिसतात! अहो, आतल्या जिवाणूंना हवा लागते, ती तिथूनच मिळते. पालापाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर द्यायचे, वरून शेणमातीनं लिंपायचं, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. त्यात दुधाची पिशवी किंवा ठिबकची तुटकी नळी गेली, तर ती कुजत नाही. खताबरोबर थेट कांद्याच्या वाफ्यात जाते. फुटकी काच खुरपणाऱ्या बाईच्या हाताला लागते.

जुन्नर-आंबेगावात आणखी एक गोष्ट आहे. मटणाची हाडं, कोंबडीची आतडी कुंडीच्या कडेला पडली की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो हे उसाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायला नको. असला माल कुंडीत नकोच, खोल खड्ड्यात पुरा.

आणि लग्नाच्या जेवणावळीनंतर पानांच्या पत्रावळी खुशाल कुंडीत टाका. थर्माकोलच्या मात्र घंटागाडीत.