देवळातली ‘पब्लिक’

मराठी बोलण्यात ‘पब्लिक’ म्हणजे गर्दी. कायद्यात मात्र त्या शब्दामागे हक्क असतो. देवळाच्या दारात हे अर्थ समोरासमोर येतात. पंचवटीच्या काळाराम मंदिरात गर्दी नेहमीचीच, तरी 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलित सत्याग्रही प्रवेशासाठी आले तेव्हा दरवाजे बंद होते. रामनवमीचा रथ ओढण्यावरून तर दगडफेकच झाली. दर्शन हा खरे तर दुय्यम मुद्दा. मागणी होती माणसांत गणना होण्याची. पुढे संविधानाच्या कलम 25 ने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. 1957 मध्ये मूल्कीच्या वेंकटरमण देवळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाचा हक्क वरचढ मानला, काही विधी मात्र देवळाच्या संप्रदायापुरते राखू दिले.