पाठीमागचा नंदी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवालयास सावकाश प्रदक्षिणा घातली, तर एकाच वास्तूत दोन युगे एकावर एक उभी असलेली दृष्टीस पडतात. खाली यादवकालीन पाषाणकाम आहे. गजथर, त्यावर देवदेवतांच्या मूर्ती, आणि भिंतीला दिलेले असंख्य कोन, ज्यांच्यामुळे प्रत्येक प्रहरी छायेची मांडणी निराळी होते. वर पाहावे, तर वीट आणि चुना: परंपरा ज्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना देते, असे उत्तरकालीन शिखर. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकास हे वरचे काम उपरे वाटते, आणि श्रद्धाळू देणगीदारास खालचा झिजलेला दगड दरिद्री वाटतो. दोघांच्याही मनात मंदिर एकसारखे करण्याची इच्छा आहे, आणि माझ्या मते खरे भय याच इच्छेचे आहे. व्हेनिस येथे 1964 साली संमत झालेल्या सनदेने वास्तूत प्रत्येक कालखंडाने घातलेली भर आदरणीय मानली. आपल्याकडील जीर्णोद्धाराच्या उत्साहास हा विचार अद्याप फारसा शिवलेला नाही.

या क्षेत्रीचा नंदी शिवालयासमोर नसून पाठीमागे आहे. पुजाऱ्यांनी कीर्तनास मज्जाव केल्यावर नामदेव मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा मराठवाड्यात लहान मूलही सांगते. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी त्यांची भेटही परंपरेने औंढ्याचीच. देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांच्या नावे असलेल्या पदातही येतो, म्हणजे या एका विसंगतीची स्मृती पंजाबपर्यंत पोहोचलेली आहे. उद्या एखाद्या सद्हेतूच्या विकास आराखड्यात शास्त्राप्रमाणे समोर नवा संगमरवरी नंदी बसविण्याचे ठरले, तर एकही प्राचीन दगड न फोडता या स्थळाचा आत्मा नाहीसा होईल, आणि त्या हानीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होणार नाही.

पंचनामा करावा तरी कोणी? देवालय हे पूजास्थान आहे, वास्तू आहे आणि मिळकतही आहे. प्रत्येक अंगाचा अंमल निराळ्या दप्तरात चालतो. निजामी राजवटीत धर्मस्थानांची वहिवाट उमूर-ए-मजहबी हे धर्मखाते पाही, तर 1914 साली गुलाम यझदानींच्या हाताखाली स्थापन झालेले पुरातत्त्व खाते अवशेषांकडे लक्ष देई. पुढे 1948 साली हैदराबाद संस्थान विलीन झाले, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला. अंमलदार बदलतो तेव्हा इनामाची सनद व मुंतखब, म्हणजे इनामहक्काचा दाखला, जपले जातात, कारण त्यांच्यामागे जमीन असते. कोणत्या वर्षी कोणत्या कोपऱ्यात ओल आली, याच्या टिपणामागे कोणाचाच हक्क उभा नसतो. सरकार व विश्वस्त यांनी मिळून प्रथम काही करावे, तर अशा टिपणांची एक अखंड मिसल देवळातच ठेवावी.

तिची निकड भूमीनेच दाखवून दिली आहे. 21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे दोन धक्के बसले, त्यांतला मोठा 4.5 तीव्रतेचा, त्याच वर्षी जुलैत पुन्हा तसाच धक्का जाणवला. किल्लारीचा 1993 चा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना जड दगड व दुबळे सांधे यांच्या संयोगाचा अर्थ सांगावा लागत नाही. खाली पाषाण व वर वीट अशी रचना धक्क्यात एकजीव होऊन हलत नाही. सांध्यावर ताण येतो. भेगेवर आडवी चिकटविलेली काचेची पातळ पट्टी तडकली, की भेग वाढली असे समजते. या उपायास ना मोठा खर्च, ना परदेशी तज्ज्ञ. याच तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभी राहत आहे, जिच्या चार-चार किलोमीटरांच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजतील. त्या विज्ञानाचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि म्हणूनच शेजारच्या शिखराची भेग मोजण्यासाठी कोणाची तरी कायम नेमणूक असावी, असा आग्रह धरावासा वाटतो.

गर्भगृह तर भूमीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते, आणि श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीस त्या कोंदट जागेत माणसांचा श्वास, दिव्यांची धग व अभिषेकाचे पाणी एकवटते. भाविकांस रोखणे अन्याय्य ठरेल. हे दर्शनच या पाषाणाचे आयुष्य आहे. पण उतरणाऱ्यांची संख्या ठरावीक ठेवणे, हवा खेळती राखणे आणि पाण्याचा निचरा तपासणे, हे पूजेइतकेच नित्याचे कर्म मानता येईल. सांधे सिमेंटने लिंपण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडते; मग क्षार दगडाच्या पृष्ठाखाली साठतात आणि मूर्तीचा चेहरा पापुद्र्यांनी गळू लागतो. सार्वजनिक कामांच्या अंदाजपत्रकात सिमेंटचा दर सहज मिळतो. चुना महिनोन्‌महिने भिजवून, मळून वापरणाऱ्या कारागिराचा दर तिथे लिहिला गेला पाहिजे, आणि तो हात म्हातारा होण्यापूर्वी त्याच्या शेजारी एखादा तरुण शिकाऊ पगारावर बसविला गेला पाहिजे.