दुःखाला वाचा फुटू द्या



दि. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या सीमाभागातील ज्येष्ठांना निराळी सांगावयास नको. गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि दगडमातीच्या जाड भिंती, मातीने लादलेली माळवदे निजलेल्यांच्या अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. भालकी, बसवकल्याण, आळंदच्या सोयरिकी तिकडे. सुतक इकडच्या घरांतही आले.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. घर उभे राहिले म्हणजे मन उभे राहिले, असे मात्र नव्हे. छताखाली डोळा न लागणे, जड वाहन गेले तरी दचकून उठणे, ढिगाऱ्यातील हाक पुन्हा पुन्हा कानी येणे, ‘मीच का वाचलो’ म्हणून कुढणे, ही आघाताची लक्षणे होत. १९८० साली अमेरिकेतील मनोवैद्यांनी या व्याधीस आपल्या ग्रंथात स्वतंत्र नाव दिले. साधी आठवण मागे पडते. ही पडत नाही. ती आताच घडत आहे असे शरीर मानते. नाडी धावते, घाम फुटतो. मग मनुष्य ती जागा, तो विषय टाळतो. टाळल्याने क्षणभर बरे वाटते आणि भय अधिक मुरते.

मानसोपचारतज्ज्ञ यावर उपदेश करीत नाही. (आम्हा मठाधीशांनी हे विशेष ध्यानी घ्यावे!) सुरक्षित जागी, रुग्णाच्याच गतीने, तो ती हकिगत थोडी थोडी सांगवून घेतो. सांगता सांगता तिला आरंभ व शेवट येतो. ‘माझ्यामुळे लेकरू गेले’ हा विचार दोघे मिळून तपासून पाहतात. टाळलेल्या जागी पायरीपायरीने जातात. समाचाराला येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ‘कसे झाले, सांगा’ म्हणून खोदून विचारणे हा उपचार नव्हे. त्याने अपायच संभवतो. पुष्कळ जण आप्तांच्या आधाराने सावरतात. महिना उलटूनही त्रास हटत नसेल तर तज्ज्ञ गाठावा.

‘इष्टलिंग हाती असता डॉक्टर कशाला?’ असे काही भक्त विचारतात. ताप आला तर औषध घेता ना? आणि कल्याणच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंसमोर नावाडी चौडय्या, न्हावी अप्पण्णा स्वमुखे आपला अनुभव मांडीत. अक्कमहादेवींनी चन्नमल्लिकार्जुनापुढे आपली व्यथा झाकली नाही. मंटप म्हणजे दवाखाना होता असे आम्ही म्हणत नाही. तो अतिरेक होईल. पण मनातले बोलणे म्हणजे श्रद्धेची उणीव, हे शरणांच्या घरचे मत नव्हे.

व्हिएन्नाचे डॉ. व्हिक्टर फ्रँकल यांचे आईवडील, भाऊ, पत्नी नाझी छळछावण्यांच्या काळात गेले. स्वतः तेथून जिवंत सुटून त्यांनी १९४६ मध्ये लिहिले की, हातचे काम, कोणावरचे प्रेम आणि अटळ दुःखाकडे पाहण्याची आपली वृत्ती यांतून जगण्यास अर्थ मिळतो. वाचताना आम्हांस कायक आठवले. मात्र शोकग्रस्तास ‘कामाला लाग’ म्हणणे सोपे. तो अर्थ ज्याचा त्यानेच शोधावयाचा असतो. सोबत्याने घाई करू नये.

बीदर व कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार मिळतात. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा विनाशुल्क दूरध्वनी २०२२ पासून अहोरात्र चालतो; मराठी व कन्नड दोन्हींत बोलता येते. घरातील ज्या वृद्धेला आजही पहाटे जाग येते, तिला प्रथम आपणच जवळ बसून विचारावे, आणि ती हो म्हणाली तर बरोबर जावे.